फायनान्सची पदवी नाही, तरी इक्विटी रिसर्चमध्ये शिरायचंय

प्रश्न थोडक्यात असा: रसायन उद्योगात सात वर्षं प्रोसेस इंजिनिअर म्हणून काम, वय तिशीच्या पुढे, फायनान्सची पदवी नाही, सीएफएची (गुंतवणूक-विश्लेषकांच्या तीन पातळ्यांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची) पहिली पातळी द्यायचा विचार आहे. इक्विटी रिसर्चमध्ये, म्हणजे कंपन्यांचा अभ्यास करून त्यांच्या शेअर्सवर शिफारस लिहिण्याच्या कामात, शिरता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची? हाच प्रश्न डॉक्टर, वकील, पत्रकार, प्रोग्रामर यांनाही पडतो. म्हणून उत्तर इंजिनिअरला धरून देतो आणि बाकीच्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तो सांगतो.

शिरता येईल. पण बहुतेकांच्या तयारीचा क्रमच उलटा असतो. आधी परीक्षा, मग मॉडेलिंगचा (कंपनीच्या आकड्यांचे अंदाज स्प्रेडशीटमध्ये बांधण्याचा) कोर्स, मग बायोडेटा, आणि एखाद्या कंपनीचा खरा अभ्यास सगळ्यात शेवटी, तोही मुलाखत ठरल्यावर घाईघाईने. ज्याच्या हातात नेमणूक असते त्याला नेमकी ही शेवटची गोष्टच पाहायची असते.

तो माणूस कोण, हे आधी समजून घ्या. सेल-साइडला, म्हणजे ब्रोकरेजमध्ये, एक सीनियर ॲनालिस्ट साधारण बारा ते वीस कंपन्या सांभाळतो आणि त्याच्या हाताखाली एक-दोन असोसिएट असतात. तिमाही निकालांच्या दोन-तीन आठवड्यांत यातल्या जवळपास सगळ्या कंपन्या निकाल लावतात. निकालाआधी प्रीव्ह्यू, निकाल आल्यावर तासाभरात पहिली प्रतिक्रिया, मग मॅनेजमेंटचा कॉल, मॉडेलमध्ये नवे आकडे, अंदाजांत बदल, आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत नोट, म्हणजे ग्राहकांना जाणारा शिफारशीचा अहवाल. एकाच दिवशी तीन कंपन्यांचे निकाल आले की हे सगळं तिप्पट. तुमचा अर्ज वाचताना त्याच्या मनात एकच हिशेब चालू असतो: याला चार कंपन्यांची मॉडेल्स दिली, तर तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं काम कमी होईल की वाढेल? फायनान्सची पदवी असलेल्याचं काम निदान वाढणार नाही, असं तो गृहीत धरतो. तुमच्याबाबतीत ते गृहीत धरायला त्याच्याकडे काही कारण नाही. ते तुम्हाला कागदावर दाखवावं लागतं.

जुन्या कामाचं भांडवल

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या पदवीधराकडे नाही. कंपनीच्या आकड्यामागे प्रत्यक्षात काय घडतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. पण 'मला उद्योगाची सखोल जाण आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं आणि त्याला काडीची किंमत नाही. ती जाण मॉडेलच्या एखाद्या ओळीत उतरली तरच तिचा उपयोग.

उदाहरण घेऊ, आकडे काल्पनिक आहेत. एका कंपनीने वर्षाला ६०,००० टनांचा नवा प्लांट उभारला आहे. पहिल्या पूर्ण वर्षात तो ८५ टक्के क्षमतेने चालेल, म्हणजे ५१,००० टन माल निघेल, असं बाजार धरून चालला आहे. तुम्हाला ठाऊक आहे की या प्रकारच्या मालाला ग्राहकाकडून गुणवत्तेची मंजुरी मिळायलाच सहा ते बारा महिने जातात, सुरुवातीच्या बॅचेस स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाहीत, आणि वाफ व सांडपाणी प्रक्रिया यांची क्षमता बहुधा रिॲक्टरच्या मागे पडते. म्हणून तुम्ही चार तिमाहींना ४०, ५५, ७० आणि ७५ टक्के धरता. सरासरी ६० टक्के, म्हणजे ३६,००० टन. फरक १५,००० टनांचा. टनामागे काँट्रिब्यूशन (विक्रीतून बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम) ४०,००० रुपये असेल तर एबिटडात, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्यात, ६० कोटींची तूट. कंपनीच्या एकूण एबिटडाचा बाजाराचा अंदाज ६०० कोटी असेल तर ही १० टक्के घट झाली. पण घसारा १२० कोटी आणि व्याज ८० कोटी तर जागचे हलत नाहीत. त्यामुळे करपूर्व नफा ४०० वरून ३४० कोटींवर येतो, म्हणजे १५ टक्क्यांनी खाली.

याला म्हणतात मत. ते कोणालाही तपासता येतं, दोन तिमाहींत खरं-खोटं ठरतं, आणि कुठल्या गृहीतकावर उभं आहे ते उघड दिसतं. सीनियर ॲनालिस्टला हे पान वाचून एक तर नवी गोष्ट कळते, नाही तर तुमच्याशी वाद घालावासा वाटतो. दोन्हींतून पुढे फोन येण्याची शक्यता वाढते.

कोणाची पार्श्वभूमी कुठे चालते हे बरंचसं उघड आहे. डॉक्टर आणि औषधनिर्माणशास्त्राचे लोक फार्मा व हॉस्पिटल्सकडे. बायोटेकमध्ये तर पीएचडी किंवा वैद्यकीय पदवी असलेले ॲनालिस्ट सर्रास दिसतात, कारण क्लिनिकल ट्रायलचा निकाल वाचता येणं तिथे ताळेबंद वाचण्याइतकंच लागतं. भूगर्भशास्त्रज्ञ खाणी आणि तेलाकडे: रिसोर्स म्हणजे जमिनीत असलेलं आणि रिझर्व्ह म्हणजे परवडेल अशा रीतीने काढता येण्याजोगं, हा फरक ऑस्ट्रेलियाचा जॉर्क कोड किंवा कॅनडाचा एनआय ४३-१०१ हे खनिजसाठे जाहीर करण्याचे नियम प्रत्यक्ष वापरलेल्या माणसाला शिकवावा लागत नाही. ॲक्च्युअरी विम्याकडे, बँकेतले कर्जविभागाचे लोक बँकांकडे, जहाजावरचे अधिकारी शिपिंगकडे, वकील वीज-दूरसंचारसारख्या नियामकांच्या हाताखालच्या क्षेत्रांकडे.

पत्रकार आणि ऑडिटर यांना एकच क्षेत्र असं नसतं, पण त्यांची शंका घ्यायची सवय दुर्मिळ आहे. जर्मनीची वायरकार्ड ही पेमेंट कंपनी २०१८ मध्ये डॅक्स या तिथल्या प्रमुख शेअर निर्देशांकात गेली. जून २०२० मध्ये तिच्या खात्यांतले १.९ अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत असं कंपनीनेच मान्य केलं आणि ती दिवाळखोरीत गेली. फायनान्शियल टाइम्सचे पत्रकार त्याआधी काही वर्षं प्रश्न विचारत होते. त्याच काळात अनेक ब्रोकरेजची शिफारस मात्र 'खरेदी करा' अशी होती.

ज्यांच्या कामाला असं थेट जुळणारं क्षेत्र नाही, त्यांनी ओढूनताणून नातं जोडू नये. शिक्षकाने एज्युकेशन कंपनीच निवडली पाहिजे असं काही नाही. साधी, एकाच उत्पादनाची, आकडे नीट जाहीर करणारी कंपनी निवडावी आणि कामाच्या दर्जावर भिस्त ठेवावी. वाट जरा लांबते, इतकंच.

नमुना: एक कंपनी, एक मॉडेल, एक नोट

कंपनी निवडताना पहिली चूक होते ती नामांकित कंपनी घेण्याची. ज्या कंपनीवर चाळीस ॲनालिस्ट लिहितात तिच्याबद्दल तुम्ही नवं काही सांगाल ही शक्यता नगण्य. तीन ते आठ ॲनालिस्ट लिहीत असतील अशी मध्यम किंवा लहान कंपनी घ्या. तिचे निदान सात-आठ वर्षांचे वार्षिक अहवाल उपलब्ध असावेत, व्यवसायाचे विभाग दोन-तीनच असावेत. पहिल्या मॉडेलला बँक, विमा कंपनी किंवा दहा धंदे असलेला उद्योगसमूह घेऊ नका. बँकेचं मॉडेल निव्वळ व्याजाचं मार्जिन, ठेवींचा खर्च आणि बुडीत कर्जांची तरतूद यांवर चालतं. तिथे एबिटडा नावाची चीजच नसते. बँकेतून येणाऱ्याला अर्थात हा नियम लागू नाही.

लहान कंपन्यांकडे वळायला आणखी एक कारण आहे. ३ जानेवारी २०१८ पासून युरोपात मिफिड-२ हे वित्तीय बाजारांचे नियम लागू झाले आणि रिसर्चचे पैसे व्यवहाराच्या दलालीपासून वेगळे मोजावे लागले. ब्रोकरेजची रिसर्चवरची कमाई आटली, आणि लहान कंपन्यांवर लिहिणं सगळ्यात आधी कमी झालं. जिथे कोणी फारसं पाहत नाही तिथे नवख्याच्या कामालाही वाचक मिळतो.

वाचन कसं करायचं? वार्षिक अहवाल मागून पुढे. अध्यक्षांचं पत्र आणि रंगीत पानं शेवटी. आधी टिपा: संबंधित पक्षांशी व्यवहार, संभाव्य दायित्वं, येण्यांचं वयोमान (ग्राहकांकडची बाकी किती जुनी आहे ते), हिशेबाच्या धोरणात केलेले बदल, ऑडिटरने कशाकडे खास लक्ष वेधलंय ते. मग आठ ते बारा तिमाहींच्या मॅनेजमेंट कॉलचे उतारे घ्या. एका तक्त्यात तीन रकाने करा: काय सांगितलं, कधी होणार होतं, प्रत्यक्षात काय झालं. 'पुढच्या तिमाहीत प्लांट सुरू होईल' हे वाक्य पाच तिमाही ओळीने सापडलं, तर नोटचा एक परिच्छेद आयताच तयार झाला. शेवटी प्रतिस्पर्धी, पुरवठादार आणि मोठे ग्राहक यांचे कॉल वाचा. कंपनी स्वतःबद्दल जे गुळमुळीत बोलते ते तिचा ग्राहक कधीकधी सरळ बोलून टाकतो.

मॉडेलसाठी पाच-सात वर्षांचे वार्षिक आणि बारा तिमाहींचे आकडे हाताने भरा. डेटा विकणारी संकेतस्थळं सगळ्या कंपन्यांना एका साच्यात बसवतात. त्यात इतर उत्पन्न, परकी चलनातला नफा, अपवादात्मक खर्च हे भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. हाताने भरताना कळतं की मागच्या वर्षीच्या अहवालातला आकडा आणि या वर्षीच्या अहवालात 'मागील वर्ष' म्हणून छापलेला आकडा जुळत नाही. का जुळत नाही हे शोधण्यातच निम्मं अकाउंटिंग शिकून होतं.

इनपुट निळ्या अक्षरांत, सूत्रं काळ्या, दुसऱ्या शीटवरून येणारे दुवे हिरव्या, ही या धंद्यातली रूढ पद्धत. सूत्राच्या आत आकडा कोंबू नका. विक्री कधीही 'मागच्या वर्षापेक्षा १२ टक्के जास्त' अशी धरू नका. प्रत्येक उत्पादनाचं प्रमाण गुणिले भाव अशी बांधा, कारण तुमचं ज्ञान तिथेच आत शिरणार आहे. कच्च्या मालाचा खर्चही टनामागे किती लागतो यावरून काढा. खेळतं भांडवल दिवसांत मोजा. विक्री २,००० कोटींवरून २,५०० कोटींवर गेली आणि येणी वसूल व्हायला ७५ ऐवजी ९० दिवस लागू लागले, तर येण्यांत अडकलेली रक्कम सुमारे ४११ कोटींवरून ६१६ कोटींवर जाते. नफा-तोटा पत्रकात याचा मागमूस नसतो. रोख प्रवाहातून मात्र २०५ कोटी गायब होतात, आणि कर्ज का वाढलं याचं उत्तर तिथे मिळतं. म्हणूनच पाच-सात वर्षांच्या एकूण एबिटडातला किती हिस्सा कामकाजातल्या रोखीत उतरला, हे गुणोत्तर पहिल्या दिवशीच काढून ठेवा.

व्याज सरासरी कर्जावर काढायला गेलात की गोल फेरा तयार होतो: व्याजावर रोख अवलंबून, रोखीवर कर्ज, कर्जावर व्याज. सुरुवातीला व्याज वर्षारंभीच्या कर्जावर काढा आणि सुटा. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंतला फरक दाखवणारी एक ओळ ठेवा. ती प्रत्येक वर्षी शून्यच यायला हवी. ती शून्य येत नाही म्हणून 'इतर मालमत्ता'मध्ये फरक ढकलून देणारे बरेच असतात. पाहणाऱ्याला ते पाच मिनिटांत कळतं आणि मग बाकीचं मॉडेल तो उघडतही नाही.

इतर ठरलेल्या चुका: कंपनीचे एकट्याचे आकडे आणि उपकंपन्यांसह एकत्रित आकडे यांची भेसळ, लाख, कोटी आणि मिलियन यांचा गोंधळ, जमीन विकून आलेला नफा दरवर्षी येणार असं धरणं, शेअरची संख्या मोजताना कर्मचाऱ्यांचे स्टॉक ऑप्शन आणि परिवर्तनीय रोखे विसरणं, विभाजन झालेल्या शेअरचा जुना भाव तसाच वापरणं. आणि एक हमखास सापळा भाडेपट्ट्यांचा. आयएफआरएस १६ हे हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०१९ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झालं. त्याने बहुतेक भाडं खर्चातून उचलून घसारा आणि व्याज यांत टाकलं. दुकानांची साखळी किंवा विमान कंपनी घेतलीत, तर २०१८ आणि २०१९ चा एबिटडा शेजारी ठेवून 'मार्जिन सुधारलं' असं लिहिणं म्हणजे स्वतःच्या अर्जावर काट मारणं. त्याच कंपनीचं एंटरप्राइझ मूल्य (शेअर्सचं बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज) काढताना भाडेपट्ट्यांचं दायित्व धरलं नाही, तर गुणोत्तर आणखी फसवं होतं.

मूल्यांकनावर नवखे लोक गरजेपेक्षा फार वेळ घालवतात. डीसीएफ (पुढे येणाऱ्या रोखीचं आजचं मूल्य काढण्याची पद्धत) जरूर करा, पण टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरच्या सगळ्या रोखीचं मूल्य, किती नाजूक असते ते जाणून करा. भांडवलाचा खर्च ११ टक्के आणि कायमस्वरूपी वाढ ४ टक्के धरली, तर शेवटच्या वर्षाच्या रोखीला सुमारे १४.९ ने गुणलं जातं. खर्च १० आणि वाढ ५ टक्के केली की तोच गुणक २१ होतो. दोन्ही आकडे एकेक टक्का सरकले आणि किंमत ४१ टक्के फुगली. त्यापेक्षा उलटा हिशेब जास्त बोलका: आजचा भाव बरोबर असेल तर बाजार कोणती वाढ आणि कोणतं मार्जिन गृहीत धरतोय ते काढा, आणि त्यातलं कोणतं गृहीतक तुम्हाला तुमच्या क्षेत्रातल्या अनुभवावरून पटत नाही ते सांगा.

नोट सहा ते आठ पानांची पुरे. चाळीस पानांची नोट कोणी वाचत नाही, आणि पहिली पंधरा पानं उद्योगाच्या इतिहासाची असतील तर मुळीच नाही. पहिलं पान स्वयंपूर्ण हवं: शिफारस, टार्गेट प्राइस, आजचा भाव, तीन कारणं, पुढच्या दोन वर्षांचा तुमचा नफ्याचा अंदाज आणि त्याच्या शेजारी बाजाराचा सरासरी अंदाज, मत खरं ठरवणाऱ्या घटना आणि त्या कधी घडतील, आणि कोणता आकडा दिसला तर तुम्ही मत बदलाल. बाजाराचा सरासरी अंदाज मिळवायला महागड्या टर्मिनलची गरज नसते. काही कंपन्या तो स्वतःच्या संकेतस्थळावर देतात, नाही तर आर्थिक संकेतस्थळांवर मोफत दिसतो. मथळ्यात क्रियापद हवं. 'नव्या प्लांटबाबत सकारात्मक' हा मथळा नव्हे. 'नवा प्लांट भरायला बाजाराच्या अंदाजापेक्षा वर्षभर जास्त लागेल' हा मथळा. आणि जमलं तर विक्रीची शिफारस करायला कचरू नका. ब्रोकरेजच्या शिफारशी एकंदरीत खरेदीकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे नीट मांडलेली विक्रीची नोट लक्षात राहते.

नोकरी सांभाळून आठवड्याला दहा-बारा तास दिले, तर पहिलं मॉडेल आणि नोट यांना साधारण चार महिने लागतात. दुसऱ्या कंपनीला त्याच्या निम्मे. दोन झाल्या की अर्ज सुरू करा. पाचव्याची वाट पाहू नका.

तुमची जुनी कंपनी आणि गोपनीय माहिती

दुसऱ्या क्षेत्रातून येणारे लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात, आणि बऱ्याचदा अडकल्याचं त्यांना कळतही नाही. तुमच्या डोक्यात जे आहे त्यातलं काही अनुभव असतं आणि काही गोपनीय माहिती. 'या प्रक्रियेत कॅटलिस्ट दोन वर्षांनी बदलावा लागतो आणि तेवढ्यासाठी प्लांट तीन आठवडे बंद असतो' हा अनुभव. 'अमुक कंपनीचा प्लांट पुढच्या महिन्यात तीन आठवडे बंद राहणार आहे, माझ्या मित्राने सांगितलं' ही अप्रकाशित माहिती. भावावर परिणाम करणारी असेल तर तिच्यावर नोट लिहिणं, व्यवहार करणं किंवा ती कोणाला सांगणं बहुतेक देशांत गुन्हा आहे.

म्हणून नमुन्यासाठी आपली आजची किंवा आधीची कंपनी घेऊ नका. तिचा मोठा ग्राहक किंवा ज्याच्याशी गोपनीयतेचा करार आहे असा पुरवठादारही नको. त्याच क्षेत्रातली, पण तुमचा ज्या कंपनीशी कधीच संबंध आला नाही अशी कंपनी घ्या. प्रत्येक महत्त्वाच्या गृहीतकासमोर ते कुठून आलं ते लिहा: वार्षिक अहवाल, पर्यावरण परवान्याचं जाहीर कागदपत्र, आयात-निर्यातीची आकडेवारी, तांत्रिक हस्तपुस्तिका. जाहीर माहितीचे बारीक तुकडे आणि स्वतःची समज जोडून निष्कर्ष काढणं याला या धंद्यात मोझेक म्हणतात आणि ते पूर्णपणे चालतं. अमेरिकेत ऑक्टोबर २००० पासून रेग्युलेशन एफडी लागू आहे. त्यामुळे कंपनीला एखादी महत्त्वाची बाब निवडक ॲनालिस्टांच्या कानात सांगता येत नाही. २०११ मध्ये गॅलिअन या हेज फंडाचे राज राजरत्नम अशा आतल्या माहितीवर व्यवहार केल्याबद्दल दोषी ठरले, त्या प्रकरणात माहिती पुरवणारे कोणी भुरटे नव्हते. मोठ्या कंपन्यांतले अधिकारी आणि सल्लागार होते. मुलाखतीत तुम्ही उत्साहाच्या भरात 'माझे आतले लोक आहेत' असं म्हणालात तर मुलाखत तिथेच संपते, मग मॉडेल कितीही चांगलं असो. त्याऐवजी, काय वापरलं नाही आणि का, हे स्वतःहून सांगा. असा उमेदवार कंप्लायन्सला (नियम पाळले जातात की नाही ते पाहणाऱ्या विभागाला) त्रास देणार नाही, हे समोरच्याला लगेच समजतं.

परीक्षा

सीएफएची पहिली पातळी द्या, पण ती चावी आहे असं समजू नका. सव्वादोन-सव्वादोन तासांच्या दोन सत्रांत १८० प्रश्न असतात, आणि प्रत्येक पातळीला ३०० तासांच्या आसपास अभ्यास लागतो असं सीएफए इन्स्टिट्यूटच सांगते. तुमच्यासारख्याला तिचा उपयोग दोन कारणांनी: अकाउंटिंगचा पाया शिस्तीत होतो, आणि विचार पक्का आहे एवढं अर्ज वाचणाऱ्याला दिसतं. तिन्ही पातळ्या होईपर्यंत थांबणं चुकीचं. चार्टर, म्हणजे सीएफए ही उपाधी, मिळायला निदान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतोच, तो नोकरीत शिरल्याशिवाय कुठून आणणार? अकाउंटिंग अगदीच कोरं असेल तर परीक्षेआधी दोन-तीन महिने फक्त तेवढंच करा. ॲनालिस्ट म्हणून नाव लावायला देशोदेशी वेगळी पात्रता लागते, जसं अमेरिकेत सिरीज ८६ आणि ८७ या परीक्षा, भारतात एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा. ही तांत्रिक अट आहे. तिच्या जोरावर कोणी नोकरी देत नाही.

कोणाला आणि कसं लिहायचं

जाहिरातीला ऑनलाइन अर्ज केलात तर चाळणी पदवीवर लागते आणि तुम्ही पहिल्याच फेरीत गळता. निर्णय सीनियर ॲनालिस्टचा असतो, त्यालाच लिहा. ब्रोकरेजच्या नोटवर ॲनालिस्टचं नाव आणि ईमेल छापलेलं असतं. मोठ्या बँकांपेक्षा मध्यम आणि लहान ब्रोकरेज, एका-दोन क्षेत्रांतच काम करणाऱ्या रिसर्च संस्था आणि लहान फंड इथे दार लवकर उघडतं. लहान फंड सोडले तर बाय-साइडला, म्हणजे प्रत्यक्ष पैसे गुंतवणाऱ्या संस्थांत, थेट जागा मिळते, पण फार कमी. तिथे बहुतेक जण सेल-साइडवर तयार झालेले लागतात.

ईमेल दीडशे शब्दांच्या आत. पहिल्या दोन ओळींत त्यांच्याच एखाद्या नोटमधल्या नेमक्या मुद्द्यावर तुमचं म्हणणं. मग तुम्ही कोण, एका ओळीत. मग पहिलं पान जोडलंय, मॉडेल हवं असल्यास पाठवतो, वीस मिनिटं मिळतील का, बस. 'लहानपणापासून शेअर बाजाराची आवड' हे नको. 'माझा पोर्टफोलिओ तिप्पट झाला' हेही नको. तेजीत सगळ्यांचेच होतात. निकालांचे आठवडे टाळा, त्या काळात ईमेल वाचलं जात नाही. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण, तीही पुढच्या घटनेसह: 'मी अमुक म्हटलं होतं, काल कंपनीने तमुक जाहीर केलं.' तुमचा अंदाज चुकला असला तरी तसं लिहा. आकड्याची जबाबदारी घेणारा माणूस त्यातून दिसतो.

बायोडेट्यात जुनं काम व्यवसायाच्या भाषेत मांडा. 'उत्पादन विभागाची जबाबदारी सांभाळली' याने काही कळत नाही. 'एका उत्पादनात टनामागे वाफेचा वापर १८ टक्क्यांनी कमी केला; बदलाचा खर्च चौदा महिन्यांत वसूल' हे ॲनालिस्ट आपोआप मार्जिन आणि भांडवली खर्चावरचा परतावा असं वाचतो. कंपनीचे गोपनीय आकडे मात्र इथेही नकोत, टक्केवारी पुरते.

मुलाखतीत काय येतं

दोन मिनिटांत एक शेअर मांडा, हा प्रश्न ठरलेला. क्रम असा ठेवा: कंपनी काय करते हे एका वाक्यात, शिफारस, बाजाराला काय वाटतं, तुम्हाला वेगळं काय वाटतं आणि का, ते कधी उघड होईल, कशामुळे तुम्ही चुकाल. मग उलटतपासणी सुरू होते. 'हे बाजाराला आधीच माहीत नसेल कशावरून?' याचं उत्तर तयार नसेल तर आधीचं सगळं वाया जातं.

अकाउंटिंगचे प्रश्न साधे दिसतात आणि तिथेच इतर क्षेत्रांतले लोक गळतात. घसारा १० ने वाढला आणि कर २५ टक्के असेल तर तिन्ही पत्रकांत काय होईल? नफा ७.५ ने घटतो. घसाऱ्यात रोख जात नाही म्हणून रोख प्रवाहात १० परत मिळवले जातात, म्हणजे वाचलेल्या कराइतकी, २.५ ने, रोख वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता १० ने कमी, रोख २.५ ने जास्त, म्हणजे मालमत्ता ७.५ ने कमी; दुसऱ्या बाजूला भागधारकांचा निधीही ७.५ ने कमी. हे पाठ करून भागत नाही, कारण पुढचा प्रश्न मालसाठ्याचा किंवा भांडवलात दाखवलेल्या व्याजाचा असतो.

पुढच्या फेरीत बहुधा दोन-तीन तासांची मॉडेल चाचणी असते: एक वार्षिक अहवाल, एक कोरी शीट, तीन वर्षांचे अंदाज. यात देखणेपणा नको. आधी तिन्ही पत्रकं जुळवा, मग वेळ उरला तर बारकावे. काही जण लेखनाची चाचणीही घेतात: कॉलचा उतारा देतात आणि तासाभरात एक पान मागतात.

थेट दार उघडलं नाही तर शेजारची दारं आहेत. पतमानांकन संस्थेत तुमच्याच क्षेत्राच्या कंपन्या मिळाल्या तर दीड-दोन वर्षांत ताळेबंद वाचायचा हात बसतो. ब्रोकरेजसाठी मागून मॉडेल्स सांभाळणाऱ्या रिसर्च सपोर्ट संस्थांत काम रटाळ असतं, पण मॉडेलिंगचा सराव पक्का होतो. मला सगळ्यात चांगली वाटणारी आणि लोकांच्या लक्षात न येणारी जागा म्हणजे सूचीबद्ध कंपनीचा इन्व्हेस्टर रिलेशन्स विभाग: तिथे रोज ॲनालिस्टांचे प्रश्न ऐकू येतात, आणि तेच लोक पुढे तुम्हाला ओळखीने घेतात.

पगार आणि हुद्दा दोन्हींत खाली उतरावं लागेल, आणि वरिष्ठ तुमच्यापेक्षा वयाने लहान असू शकतो. सात वर्षांच्या अनुभवाचं वजन हुद्द्यात मागू नका, ते मिळत नाही. त्याऐवजी पहिल्या वर्षात किती कंपन्यांची मॉडेल्स तुमच्याकडे येतील आणि नोटवर नाव कधी लागेल हे विचारून घ्या. पुढची पगारवाढ त्यावर ठरते. रुजू होण्याआधी तुमच्याकडचे शेअर्स तपासा. बहुतेक ठिकाणी ॲनालिस्टला आपण लिहितो त्या कंपन्यांत स्वतः व्यवहार करायला बंदी असते किंवा पूर्वपरवानगी लागते, घेतलेला शेअर ठराविक काळ ठेवावा लागतो, आणि घरच्यांची खातीही जाहीर करावी लागतात. तुमच्या क्षेत्रातले शेअर्स तुमच्याकडे असण्याची शक्यता मोठी, जुन्या कंपनीचे स्टॉक ऑप्शन तर असतीलच. करारावर सही करण्याआधी कंप्लायन्सला यादी देऊन त्यांचं काय करायचं ते लेखी घ्या, नाही तर ज्या कंपन्या सांभाळायला तुम्हाला घेतलं त्यांच्यावरच काही महिने लिहिता येत नाही.